कोळशापासून सूर्यापर्यंत : ऊर्जा, उद्योग आणि आपला वाटा

प्रास्ताविक

उद्योगधंद्यांचा इतिहास वाचताना कारखानदार, कंपन्या आणि भांडवल यांची नावे ठळकपणे समोर येतात; परंतु कारखान्याचे चाक ज्या शक्तीवर फिरते तिचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. वास्तविक कोणता धंदा कोठे उभा राहील, त्यात कोणाला कोणते काम मिळेल, माल काय भावाने विकला जाईल आणि नफा कोणाच्या घरी जाईल, या गोष्टी बऱ्याच अंशी त्या शक्तीवर अवलंबून असतात. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांला हे वारंवार जाणवले आहे.

आज तीन शब्द वर्तमानपत्रांतून सतत आपल्यासमोर येतात. पहिला ऊर्जासुरक्षा : देशाला, उद्योगाला आणि घराला लागणारी ऊर्जा पुरेशी, अखंड आणि परवडेल अशा दराने मिळण्याची शाश्वती. दुसरा हवामानबदल : कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे वातावरणात कार्बन डायऑक्साइड साचून पृथ्वीचे तापमान वाढणे व त्यामुळे पाऊस, दुष्काळ, उष्मा यांची घडी विस्कटणे. तिसरा स्वच्छ तंत्रज्ञान : असा धूर न करता ऊर्जा निर्माण करण्याची, साठविण्याची आणि काटकसरीने वापरण्याची साधने. उद्योगव्यवसायाचे आजचे निर्णय या तिन्हींच्या एकत्रित दाबाखाली घेतले जात आहेत.

या लेखात या तिन्ही गोष्टींचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे करावयाचा आहे. त्याबरोबरच एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ऊर्जेचे साधन बदलते तेव्हा माणसांच्या पायऱ्याही बदलतात काय? की यंत्र नवे येते आणि त्याच्याभोवतीची उतरंड मात्र जुनीच राहते?

गिरणी, कोळसा आणि धरण

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढील अर्ध्या शतकात मुंबई हे देशातील कापडउद्योगाचे प्रमुख केंद्र बनले. या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी कोळसा लागे. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. बंगालचा कोळसा हजारो मैलांचा प्रवास करून येई, काही कोळसा परदेशातूनही आणावा लागे. वाहतूक महागली की कापड महागे. जहाज अडले की गिरणी अडे. ऊर्जासुरक्षा हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, परंतु तिच्या अभावाचा खर्च गिरणीमालकांच्या वहीत रोज लिहिला जात होता.

या अडचणीवर उपाय म्हणून सह्याद्रीच्या पावसाकडे लक्ष गेले. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून ते पाणी घाटाखाली नळांवाटे सोडावे व त्या वेगावर वीज निर्माण करावी, अशी टाटांची योजना होती. १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे आली. गिरण्यांची चाके हळूहळू कोळशाऐवजी विजेवर फिरू लागली. आजच्या भाषेत हे स्वच्छ तंत्रज्ञानाकडे झालेले स्थित्यंतरच होते. धूर कमी झाला आणि उद्योगाला हक्काची ऊर्जा मिळाली.

या प्रगतीचा भार कोणी वाहिला, हेही पाहिले पाहिजे. मुळशीच्या धरणात मावळातील गावे व भातखाचरे बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. मुंबईला वीज मिळाली आणि मावळातल्या शेतकऱ्याला विस्थापन मिळाले.

गिरणीच्या आतही एक रेषा होती. अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यात काम मिळे, परंतु अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. येथे कालक्रमाकडे लक्ष द्यावे. खोपोलीची वीज येऊन तेरा वर्षे झाली होती. गिरणीचे यंत्र आधुनिक झाले होते, त्याला शक्ती देणारा प्रवाह आधुनिक झाला होता, परंतु कोणी कोणत्या यंत्रापाशी उभे राहावे, हे अजून जातच ठरवीत होती. आमच्या मते ऊर्जेच्या इतिहासाचा हा पहिला धडा आहे.

मजूरमंत्री बाबासाहेब आणि वीज

बाबासाहेबांचे संविधानकार्य घराघरांत ठाऊक आहे. त्यामानाने १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर खात्याचे सभासद म्हणून त्यांनी केलेले काम कमी परिचित आहे. या खात्याकडे कामगारकल्याणाबरोबरच पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. युद्धोत्तर पुनर्रचनेची आखणी सुरू असताना विजेच्या धोरणाला दिशा देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या कामाची वैचारिक बीजे १९१८ मध्येच पडली होती. भारतातील लहान शेतजमिनींविषयीच्या आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले होते की, शेतीचे दुखणे केवळ जमिनीचे तुकडे जोडून बरे होणार नाही. शेतीवर पोसल्या जाणाऱ्या रिकाम्या हातांना दुसरे उत्पादक काम मिळाले पाहिजे आणि त्याचा मार्ग औद्योगिकीकरण हा आहे. पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या युद्धोत्तर विकासासंबंधी दिल्लीत भरलेल्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी हाच विचार पुढे नेला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा होता की, दारिद्र्याच्या फेऱ्यातून लोकांना सोडविण्यासाठी औद्योगिकीकरण हवे, त्यासाठी वीज हवी, आणि ती मुबलक व स्वस्त हवी.

हा विचार कागदावर राहिला नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग अस्तित्वात आला. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीच्या खोऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्रित विचार करण्यात आला. त्यासंबंधीच्या १९४५ मधील कलकत्त्याच्या परिषदा आणि महानदीच्या विकासासाठी त्याच वर्षी भरलेली कटकची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये प्रत्यक्षात आले. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची वीजनिर्मितीची क्षमता अवघी १,३६२ मेगावॅट होती. आज एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. या तुलनेवरून त्या काळी केलेल्या पायाभरणीचे मोल ध्यानात यावे.

याच काळातील आणखी एक बाब आजच्या चर्चेसाठी फार महत्त्वाची आहे. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी धनबाद परिसरातील कोळसाखाणींना भेट दिली आणि स्वतः खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्या रकमेतून कामगारांची घरे, औषधोपचार आणि इतर सोयी करावयाच्या, अशी ही व्यवस्था होती. ऊर्जेच्या किमतीतला एक हिस्सा ती ऊर्जा खणून काढणाऱ्या माणसाचा आहे, हे तत्त्व येथे कायद्यात आले. १९४७ मधील ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी सुचविले. त्यांच्या विचारात ऊर्जा हा तंत्रज्ञांपुरता किंवा व्यापाऱ्यांपुरता विषय नव्हता. वीज स्वस्त असावी, ती सार्वजनिक हिताच्या नियंत्रणाखाली असावी आणि तिच्यासाठी राबणाऱ्याला तिच्या उत्पन्नात वाटा असावा, या तीन कसोट्या त्यातून हाती लागतात. पुढील विवेचन आम्ही याच कसोट्यांवर करणार आहोत.

तेलाचे धडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेल हे उद्योगाचे रक्त बनले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभी ११ डॉलरच्या पुढे गेला. भारतासारख्या आयातदार देशाला त्याची जबर झळ बसली. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले, त्यामुळे काहीसा दिलासा मिळाला. परंतु परावलंबन संपले नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेल पुन्हा भडकले आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या आपल्या परकीय गंगाजळीत १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते चलन उरले. सोने गहाण टाकावे लागले. त्यानंतर आलेल्या आर्थिक धोरणांनी सरकारी नोकरीची आणि पर्यायाने आरक्षणाची वाट किती अरुंद केली, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. दूरच्या आखातातील एक युद्ध आपल्या वस्तीतील पदवीधराच्या भवितव्याशी अशा रीतीने जोडलेले असते.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर युरोपात नैसर्गिक वायूचे भाव गगनाला भिडले. अनेक खतकारखान्यांनी उत्पादन कमी केले. जर्मनीतील बीएएसएफ या बलाढ्य रसायन कंपनीने २०२३ मध्ये आपल्या लुडविग्सहाफेन येथील मुख्य संकुलातील काही प्रकल्प बंद करण्याचे जाहीर केले. स्वस्त वायू कायम मिळत राहील, या गृहीतकावर उभारलेला उद्योग ते गृहीतक कोसळताच डळमळला. भारत आजही आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. त्यामुळे हा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे.

हवामानबदल उद्योगाच्या दारी

कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचे तापमान वाढू शकते, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच गणिताने दाखविले होते. १९५८ मध्ये हवाई बेटावर नियमित मोजमाप सुरू झाले तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. यंत्रयुगापूर्वीच्या तुलनेत पृथ्वी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने तापली असल्याचे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२१ मध्ये नमूद केले.

उद्योगावर याचे परिणाम दोन बाजूंनी होतात. पहिला परिणाम निसर्गाकडून येतो. मराठवाड्याला याचा अनुभव आहे. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. परळी वैजनाथ येथील केंद्र २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळी वर्षांत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. कोणताही एक दुष्काळ केवळ हवामानबदलामुळे पडला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र तापलेल्या पृथ्वीवर अशा टोकाच्या घटनांची शक्यता वाढते, एवढे निश्चित. कोळशाचा धूर हवामान बिघडवितो आणि बिघडलेले हवामान कोळशाच्या केंद्रालाच पाणी मिळू देत नाही, असे हे चक्र आहे.

उष्म्याचा फटका तर थेट शरीराला बसतो. वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड, रस्त्याचे डांबरीकरण, सफाई या कामांत आपले किती बांधव आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत उष्म्यामुळे भारतातील ५.८ टक्के कामाचे तास वाया जाऊ शकतात. हे नुकसान ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके आहे. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याच्या पगारातून ते कापले जाणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा मात्र खाडा होईल.

दुसरा परिणाम कायद्याकडून आणि बाजाराकडून येतो. १९९२ चा हवामानविषयक करार, १९९७ चा क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार या पायऱ्यांनी जगाने उत्सर्जन घटविण्याचे मान्य केले. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी मालावर त्याच्या निर्मितीत झालेल्या उत्सर्जनाचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागण्यास सुरुवात केली, आणि २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकार लागू केला. याचा अर्थ असा की, मालाचा दर्जा आणि भाव यांच्या जोडीने तो कोणत्या ऊर्जेवर तयार झाला, हेही आता गिऱ्हाईक विचारू लागले आहे. मोठी कंपनी हा प्रश्न आपल्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराकडे सरकविते. ज्याच्याकडे नोंदी नाहीत, त्याचे काम उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकते.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून वैभव उभारले, तेच आता उशिरा उद्योगाकडे वळलेल्या देशांकडे हिशेब मागत आहेत. भारताची ही तक्रार रास्त आहे. परंतु देशादेशांमध्ये आपण जो न्याय मागतो, तोच देशाच्या आत गावागावांमध्येही मागितला पाहिजे. ज्या वस्तीत वीज सर्वांत शेवटी पोचली, तिच्यावर स्थित्यंतराचा पहिला भार पडता कामा नये.

स्वच्छ तंत्रज्ञान : स्वस्ताई आणि मालकी

सूर्यप्रकाशापासून वीज करणारा आधुनिक घट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. अनेक दशके ती वीज अतिशय महाग होती. भारतात २०१० च्या सुमारास राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला सुमारे १२ रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. मोठ्या प्रमाणावरील मागणी, स्पर्धा आणि उत्पादनातील सुधारणा यांमुळे हे घडले. एलईडी दिव्यांचे उदाहरण याहून घरगुती आहे. सरकारी कंपनीने एकत्रित खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ मध्ये, दिव्याचा खरेदी दर ३१० रुपये होता. दोन-अडीच वर्षांत तो ३८ रुपयांवर आला. सार्वजनिक धोरणाने बाजार घडविता येतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

२०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा कोळसा, वायू व तेल यांव्यतिरिक्तच्या साधनांचा झाला. विद्यार्थ्यांनी येथे क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील फरक समजून घ्यावा. सूर्य रात्री नसतो, वारा सदैव वाहत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अलीकडेपर्यंत कोळशाचीच होती. हा फरक भरून काढण्यासाठी विजेचा साठा करणारे बॅटरीसंच आणि जलसाठे हवेत. म्हणूनच या क्षेत्रांत आज मोठे भांडवल उतरत आहे.

स्वच्छ तंत्रज्ञानाने परावलंबन आपोआप संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सौर पटलांच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दाखवून दिले. सूर्य सर्वांचा आहे, पटल मात्र कोणाच्या तरी कारखान्यातून येते. आणि उपकराची गोष्ट पाहा. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर ती रक्कम राज्यांच्या करभरपाईकडे वळली. १९४४ च्या उपकरातून खाणकामगाराच्या घराची तरतूद झाली होती. उद्या कोळसाखाणी बंद होतील तेव्हा चंद्रपूर-यवतमाळच्या कंत्राटी कामगाराने कोणत्या निधीकडे पाहावे?

एका लहान धंद्याचा हिशेब

तत्त्वचर्चेबरोबर एक व्यावहारिक हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. एखाद्या गावात १० अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारी पिठाची गिरणी आहे असे समजू. १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे साडेसात किलोवॅट. रोज चार तास चालल्यास ३० युनिट आणि महिन्याच्या २६ दिवसांत ७८० युनिट वीज लागेल. युनिटला ८ रुपये धरल्यास स्थिर आकार वगळून ६,२४० रुपये होतात. वीज गेल्यावर हेच काम डिझेल जनित्रावर केले, तर एका लिटरमध्ये साधारण तीन युनिट मिळतात. डिझेल ९० रुपये लिटर धरले तरी युनिट ३० रुपयांना पडते. म्हणजे दळणाचा भाव तोच, आणि ऊर्जेचा खर्च जवळजवळ चौपट.

महाराष्ट्रात एक किलोवॅटचे सौर पटल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. ३० युनिटांसाठी सात-आठ किलोवॅटची उभारणी लागेल. गिरणी सायंकाळी चालत असली, तरी दिवसा तयार झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि दोन्ही दिशांनी मोजणाऱ्या नेट मीटरमुळे ती लागू असलेल्या नियमांनुसार बिलात धरली जाते. कर्जाचा हप्ता आजच्या वीजबिलाइतका किंवा त्याहून कमी बसत असेल, तर हप्ते फिटल्यानंतरची वीज जवळजवळ फुकट पडते. कर्ज काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बिलावरून असा हिशेब स्वतः करावा, विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नये. घराच्या छतासाठी २०२४ च्या केंद्रीय योजनेत तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. ते घरगुती ग्राहकांसाठी आहे, गिरणीसाठी नाही. कृषिपंपाच्या राज्य योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा आहे, इतरांनी दहा टक्के. हे पंप शेत असलेल्यालाच मिळतात, हे मात्र उघड आहे.

कच्छच्या छोट्या रणातील मीठ पिकविणाऱ्या अगरियांचे उदाहरण येथे बोलके आहे. जमिनीखालचे खारे पाणी उपसण्यासाठी लागणारे डिझेल हाच त्यांचा सर्वांत मोठा खर्च होता आणि त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागे. ‘सेवा’ या महिला कामगार संघटनेच्या पुढाकाराने सौर पंप आल्यावर तो खर्च घटला. मीठ तेच, रण तेच. ऊर्जेचे साधन हाती आले आणि उचलीचा विळखा सैल झाला.

गायरानाचा प्रश्न

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याशी येतो. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीला दिवसा वीज मिळावी, यासाठी गावोगावच्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारणे हा तिचा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पंप सुरू करण्यास जाणारा शेतकरी त्याचे स्वागतच करील. प्रकल्पासाठी खाजगी जमीन देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. शासकीय जमीन मात्र नाममात्र दराने दिली जाते.

शासकीय जमिनींत गायराने येतात, आणि गायरानाचा इतिहास आपल्या समाजाचा इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंगवास भोगला. त्यातून आणि पुढच्या लढ्यांतून १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तरीही सातबाऱ्यावर नाव न लागलेली, तीन पिढ्या जमीन कसणारी अनेक कुटुंबे आहेत. कागदावर ती जमीन मोकळी दिसते. अशा जमिनीवर प्रकल्प आला, तर जमीनदाराला भाडे, कंपनीला वीजविक्रीचे उत्पन्न, बागायतदाराला दिवसा वीज आणि कसणाऱ्या भूमिहीनाला नोटीस, असा वाटप होण्याचा धोका आहे. मुळशीत जे घडले, त्याची ही सौर आवृत्ती ठरेल.

यावर उपाय प्रकल्पाला विरोध हा नव्हे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. पंपासाठी लागणारी वीज वापरून उरलेली वीज त्यांनी वीज कंपनीला विकली. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. गायरान कसणाऱ्या कुटुंबांची सहकारी संस्था करून तिला खाजगी मालकाइतकेच भाडे द्यावे, असा आमचा प्रस्ताव आहे. समजा, वीस कुटुंबे चार हेक्टर गायरान कसतात. हेक्टरी सव्वा लाखाने वर्षाला पाच लाख रुपये होतात, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला २५ हजार. रक्कम फार मोठी नाही. परंतु ती मजुरी नसून मालकीचे उत्पन्न असेल, आणि तिच्या पावतीवर त्या कुटुंबाच्या वहिवाटीची नोंद असेल. ज्या गावात असे प्रकल्प प्रस्तावित आहेत, तेथील आपल्या बांधवांनी वहिवाटीचे पुरावे, दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी आजच एकत्र कराव्यात आणि ग्रामसभेत ठराव येण्यापूर्वी आपले म्हणणे लेखी नोंदवावे.

समारोप

या विवेचनातून आम्हांला दिसते ते असे. वाफ, वीज, तेल आणि आता सूर्य, अशी उद्योगाची ऊर्जा बदलत गेली. प्रत्येक बदलात काही धंदे बुडाले, काही वर आले. आपला समाज प्रत्येक वेळी त्या बदलात होता : खाणीत होता, गिरणीत होता, धरणाच्या मातीकामावर होता. परंतु बहुतेक वेळा तो मजूर म्हणून होता. या वेळचा फरक असा की, आज आपल्याजवळ शिक्षण आहे, आणि हा बदल अजून पूर्ण झालेला नाही.

सौर प्रकल्प उभा राहिला की पटले धुणे, गवत काढणे आणि राखण करणे एवढीच कामे स्थानिकांसाठी उरतात. त्याच्या वरच्या पायरीवर तंत्रज्ञ, त्याच्या वर परवानाधारक विद्युत ठेकेदार, त्याच्या वर संरचनाकार अभियंता आणि उद्योजक असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने परवान्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबू नये. ज्या माजी विद्यार्थ्यांचे उद्योग आहेत, त्यांनी लक्षात ठेवावे की, केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी उपक्रमांच्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून अपेक्षित आहे. ती जागा भरण्यासाठी नोंदणी, गुणवत्ता आणि हिशेबाच्या चोख वह्या लागतात. जे अधिकारी आहेत, त्यांनी गायरानाच्या फायली वाचाव्यात. जे वकील आहेत, त्यांनी त्या फायलींसाठी उभे राहावे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, घरातील वीजबिल मुलांच्या हाती द्यावे आणि त्यावरील प्रत्येक ओळ त्यांच्याकडून समजावून घ्यावी. युनिट म्हणजे काय, स्थिर आकार कोणता, वहन आकार कोणता, आपल्या घरात सर्वाधिक वीज कशावर जाते, हे आठवीच्या मुलीला सांगता आले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मुबलक आणि स्वस्त विजेचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यासमोर दारिद्र्याच्या फेऱ्यात अडकलेला माणूस होता. त्या माणसाची नात आज आपल्या शाळेत शिकते आहे. तिला वीज वापरता येते. ती वीज कोठून येते, तिचा दर कोण ठरवितो आणि तिच्या उत्पन्नात आपला वाटा कोणता, हे विचारण्यास आणि त्याचे उत्तर मिळविण्यास तिला समर्थ करणे, हे शाळेचे आणि समाजाचे पुढील काम आहे.